आल्प्समध्ये हिवाळ्यात मित्रांसोबत एक आठवडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत एकत्र भटकत मोठे झालेले आम्ही सात जण. आता दोघं युरोपात स्थायिक आहेत, बाकीचे पुण्यात आणि ठाण्यात. गेली काही वर्षं हिवाळ्यात आठवडाभर आम्ही स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलांड भागात भेटतो, एक घर भाड्याने घेतो आणि एकत्र राहतो. परत आलो की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली आहेत. ही उत्तरं मुख्यतः लाउटरब्रुनेनचं खोरं आणि त्याच्या शेजारच्या ग्रिंडेलवाल्डपुरती आहेत, कारण आम्ही तिथेच राहिलो आणि तिथलंच आम्हाला नीट कळतं.

आल्प्स एवढा मोठा आहे. नेमकं जायचं कुठे?

आल्प्सची रांग सुमारे १,२०० किलोमीटर लांब आहे आणि आठ देशांत पसरली आहे. आठवड्याभरात त्यातलं एक खोरं नीट बघून झालं तरी खूप झालं. आमचं खोरं लाउटरब्रुनेनचं. गाव ७९५ मीटरवर, दोन्ही बाजूंना उभे कातळकडे, आणि गावाच्या डोक्यावरच २९७ मीटर उंचीचा स्टाउबबाख धबधबा. कोकणकड्याच्या काठावर उभं राहून खाली बघितलेलं असेल, तर इथे तसल्याच कड्याच्या तळाशी उभे आहोत असं वाटतं.

कड्यांच्या वर दोन्ही बाजूंना सपाटीचे टप्पे आहेत आणि त्यांवर गावं वसली आहेत. पूर्वेला वेंगेन, १,२७४ मीटरवर. पश्चिमेला म्युरेन, १,६३८ मीटरवर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. महाराष्ट्रातली सर्वांत उंच जागा जेवढी उंच, जवळपास तेवढ्याच उंचीवर इथे शाळा, दुकान आणि रेल्वे स्टेशन असलेलं गाव आहे, आणि त्याच्या समोर आयगर (३,९६७ मीटर), म्योंख आणि युंगफ्राउ (४,१५८ मीटर) ही शिखरं उभी आहेत. पहिल्या वर्षी म्युरेनच्या कठड्याशी आम्ही कितीतरी वेळ कुणी काही बोललो नव्हतो.

एकाच गावात सात-आठ दिवस? झुरिक, ल्युसर्न, झरमॅट, सगळं एकाच फेरीत करता येणार नाही का?

येईल. पण हिवाळ्यात तसं करू नका, एवढं मी अगदी आग्रहाने सांगेन.

हिवाळ्यात डोंगरातला दिवस आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी ठरतो. दोन दिवस ढग, तिसऱ्या दिवशी निळंशार आभाळ, असं चालतं. "मंगळवारी युंगफ्राउयोख, बुधवारी झरमॅट" असं (युंगफ्राउयोख म्हणजे इथल्या शिखरांजवळचं उंचावरचं रेल्वे स्टेशन) घरूनच ठरवून निघालात आणि मंगळवारी ढग असले, तर तो दिवस परत मिळत नाही. एकाच घरात राहिलात तर मंगळवारी पत्ते खेळायचे, सूप करायचं, गावात बर्फातून फिरायचं आणि बुधवारी वर जायचं. शिवाय दर दोन दिवसांनी सात जणांच्या बॅगा बर्फातून ओढत स्टेशन गाठण्यात जी शक्ती आणि जो मूड जातो, त्याचा हिशोब कुठल्याच सहलीच्या वेळापत्रकात नसतो.

आणखी एक कारण आहे. जोरदार बर्फ पडला की रस्ते आणि रेल्वे बंद होऊ शकतात. जानेवारी २०१८ मध्ये झरमॅट असंच तुटलं होतं आणि सुमारे १३,००० पर्यटक तिथे अडकले होते. म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

मग चारपैकी कोणत्या गावात राहावं?

डिसेंबर-जानेवारीत लाउटरब्रुनेनमध्ये ऊन फार कमी वेळ येतं, कारण कडे सूर्य अडवतात. गाव खाली असल्यामुळे कधीकधी बर्फही नसतो, नुसता गारठा असतो. राहण्याचा खर्च मात्र वरच्या गावांपेक्षा सहसा कमी, आणि सगळीकडे जायला सोयीचं.

वेंगेनला ऊन जास्त. गाडीने तिथे जाता येत नाही. दातेरी चाकाची आगगाडीच वर नेते, १८९३ पासून. गावात वाहनं नाहीत, त्यामुळे लहान मुलं निर्धास्त फिरतात. पहिल्यांदा जाणाऱ्या मिश्र गटाला मी वेंगेनच सुचवतो.

म्युरेन सर्वांत शांत, सर्वांत देखणं, आणि बर्फाची खात्री तिथे जास्त. तिथेही गाड्या नाहीत. पण खाली-वर करायला वेळ लागतो आणि संध्याकाळी गावात फारसं काही नसतं. मला हेच आवडतं.

ग्रिंडेलवाल्ड मोठं, गजबजलेलं, दुकानांनी भरलेलं. गाडीने थेट जाता येतं. आजी-आजोबा सोबत असतील तर सोयीचं.

कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य. नाताळ आणि नववर्षाला घरं महाग आणि गर्दी भरपूर. डिसेंबरच्या शेवटी सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि पावणेपाचला मावळलेला असतो, म्हणजे बाहेर फिरायला फार थोडा वेळ. फेब्रुवारीत दिवस मोठा होत जातो, पण तेव्हा स्विस शाळांना सुट्या असतात.

जानेवारीच्या मध्यात वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते, १९३० पासून. तो उतार सुमारे साडेचार किलोमीटरचा, जागतिक चषकातला सर्वांत लांब, आणि खेळाडू अडीच मिनिटांत खाली येतात. बघायची असेल तर घर फार आधी बुक करा. नसेल तर त्या आठवड्यात वेंगेन टाळा.

२ जानेवारीला तुम्ही तिथे असाल तर इंटरलाकेनला उतरा. लाकडी मुखवटे घातलेल्या 'पोचें'ची मिरवणूक निघते. आमच्यातल्या एकाचं बालपण जव्हारजवळ गेलं. त्याला ते मुखवटे बघून बोहाड्याची आठवण झाली आणि तो संपूर्ण मिरवणुकीबरोबर चालत गेला.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण तेवढं थांबू नका. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. गट एकत्र जात असला तरी प्रत्येकाचा अर्ज आणि बँकेचे कागद स्वतंत्र. घर एकाच्या नावावर बुक असेल तर त्या बुकिंगवर सगळ्यांची नावं घालून घ्या. आमच्या पहिल्या वर्षी हे राहिलं होतं आणि दोघांना पुन्हा कागद द्यायला धावावं लागलं.

विम्यात एक गोष्ट नक्की वाचा: त्यात हिवाळी खेळ धरले आहेत का? साध्या पॉलिसीत बहुधा स्कीइंगचा अपघात वगळलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरने सुटका झाली तर त्याचं बिल येतं, आणि ते मोठं असतं.

झुरिक विमानतळावरून खोऱ्यापर्यंत कसं पोहोचायचं?

आगगाडीने. इंटरलाकेन ओस्टपर्यंत सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, तिथून लाउटरब्रुनेन वीस मिनिटं.

इथे एक जागा हमखास चुकते. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी गाडी पुढे त्स्वायल्युचिनेन स्टेशनवर दोन भागांत तुटते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. बसण्याआधी डब्यावरची पाटी वाचा. सात जण आणि चौदा बॅगा घेऊन घाईत चढलात की निम्मे एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे जाण्याची पूर्ण शक्यता असते.

गाडी भाड्याने घेऊ नका. वेंगेन-म्युरेनला ती नेताच येत नाही, बर्फात चालवायची सवय आपल्याला नसते, आणि ग्रिमझेल, सुस्टेन, फुर्का हे उंच घाट हिवाळ्यात बंदच असतात.

स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा का?

रोज शहरं बदलत असाल तर घ्या. एकाच खोऱ्यात राहणार असाल तर आधी हिशोब मांडा. पासमध्ये वेंगेन आणि म्युरेनपर्यंतचा प्रवास येतो, पण युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्यावर फक्त २५ टक्के सवलत मिळते. त्याऐवजी महिनाभर चालणारं अर्ध्या भाड्याचं कार्ड घेतलं तर त्याच टप्प्यावर निम्मं भाडं पडतं. आमच्यासारख्या मुक्कामाला हेच कार्ड परवडतं. घरमालक पाहुण्यांसाठीचं एक कार्ड देतात, त्यात स्थानिक सवलती असतात. पोहोचल्याबरोबर मागून घ्या.

थंडी किती असते? कपडे काय न्यायचे?

गावात दिवसा शून्याच्या आसपास, रात्री उणे पाच ते उणे दहा, कधी त्याहून खाली. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वारा असेल तर आकड्यांवर जाऊ नका.

मुंबई-पुण्याहून येणारे लोक एकच भलंमोठं जॅकेट आणि आत सुती टीशर्ट घालून येतात. चूक सुती कपड्यात आहे. चालताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि थांबलं की तेच ओलं कापड अंगातली ऊब शोषून घेतं. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक अंगालगतचा थर, मध्ये फ्लीस किंवा स्वेटर, बाहेर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. चालायला लागण्याआधी एक थर काढा, थांबलात की लगेच चढवा. जीन्स नकोच, ओली झाली की दिवसभर वाळत नाही.

बुटांवर सर्वांत जास्त पैसे खर्च करा. पाणी आत न येणारे, घोट्याच्या वर जाणारे, खोल नक्षीचे तळवे असलेले. सह्याद्रीत दगडावर पकड घेणारे बूट इथल्या दाबलेल्या, गोठलेल्या बर्फावर सरकतात. बुटावर रबराने ताणून बसवायचे लोखंडी खिळ्यांचे पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात. गावातल्या उतारावर ते वापरायला लाजू नका, तिथले म्हातारे लोकही वापरतात. मोजे एकावर एक दोन घालू नका. बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात.

हातमोजे बोटांचे न घेता मिटन्स घ्या, म्हणजे चारही बोटं एका कप्प्यात राहतात आणि एकमेकांना ऊब देतात. आणि काळा चष्मा, सनस्क्रीन, ओठांना लावायचा मलम. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. उणे आठमध्ये चेहरा भाजतो यावर आमचा विश्वास नव्हता. पहिल्याच संध्याकाळी दोघांची नाकं सोलली होती.

आम्हाला कुणालाच स्कीइंग येत नाही. मग आठवडा करायचं काय?

आमच्या सातपैकी तिघं आजही स्की करत नाहीत आणि त्यांचा आठवडा कुठेही रिकामा जात नाही.

हिवाळ्यात चालण्यासाठी बर्फ दाबून तयार केलेल्या वाटा असतात. उन्हाळी वाटांच्या पाट्या पिवळ्या, हिवाळी वाटांच्या गुलाबी. गुलाबी पाटी सोडून जाऊ नका, एवढं पाळलं की ट्रेकरला हे दिवस स्वर्गासारखे आहेत. आमची सर्वांत लाडकी वाट मेनलिखेनपासून क्लायने शायडेगपर्यंतची. वेंगेनहून दोरगाडीने मेनलिखेनला चढायचं आणि दीड-दोन तास हलक्या उतारावरून आयगरच्या उत्तर कड्याकडे तोंड करून चालत राहायचं. हाच तो कडा, जो १९३८ च्या जुलैत पहिल्यांदा चढला गेला. चालताना तो हळूहळू मोठा होत जातो आणि शेवटी आकाशाचा अर्धा भाग व्यापतो.

घसरगाडी, म्हणजे लाकडी स्लेज, ही सगळ्यांना जमणारी गोष्ट. भाड्याने मिळते, तिच्यासाठी वेगळ्या वाटा आखलेल्या असतात. वळायचं असेल त्या बाजूचा पाय टेकवायचा, थांबायचं असेल तर दोन्ही टाचा रोवायच्या. हेल्मेट घालाच. फाउलहॉर्नवरून ग्रिंडेलवाल्डपर्यंतची वाट १५ किलोमीटरची आहे, पण तिच्या माथ्यावर पोहोचायला ग्रिंडेलवाल्डच्या वर असलेल्या 'फर्स्ट' नावाच्या ठिकाणापासून स्लेज ओढत अडीच तासांच्या आसपास चढावं लागतं. दमदार लोकांनीच करावी. ग्रिंडेलवाल्डला 'फेलोगेमेल' नावाची लाकडी बर्फसायकलही मिळते. चाकांच्या जागी लाकडी पट्ट्या. १९११ मध्ये तिथल्याच एका कारागिराने तिचं पेटंट घेतलं होतं.

स्कीइंग शिकायचं असेल तर मित्राकडून शिकू नका. मित्र पहिल्याच दिवशी वरच्या उतारावर नेतो. स्की शाळेत तीन सकाळी द्या. वेंगेनला गावातच आणि ग्रिंडेलवाल्डला बोडमीच्या उतारावर नवशिक्यांसाठी जागा आहे. तिसऱ्या दिवशी निळी वाट बहुतेकांना जमते. निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. आणि नियम एकच पक्का लक्षात ठेवा: तुमच्या पुढे, खालच्या बाजूला असणाऱ्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने सांभाळायचं.

म्युरेनला स्की शिकलात तर हेही माहीत असू द्या की आजच्या पद्धतीची पहिली स्लालम (रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत उतरण्याची) शर्यत १९२२ मध्ये तिथेच आखली गेली आणि आल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा १९३१ मध्ये तिथेच झाली.

युंगफ्राउयोखला जायलाच हवं का? पैसे वसूल होतात का?

आभाळ स्वच्छ असेल तर हो. नसेल तर मुळीच नाही.

पूर्ण भाडं दोनशे फ्रँकच्या वर जातं, त्यामुळे हा निर्णय सकाळी वेबकॅमेरा बघूनच घ्यावा. वरची थेट चित्रं फोनवर दिसतात. ती पांढरी दिसत असतील तर वरही तुम्हाला पांढरंच दिसणार. बऱ्याचदा उलटंही होतं: खाली खोरं ढगांनी भरलेलं, बाहेर पडावंसंही वाटत नाही, आणि वरचा कॅमेरा मात्र लख्ख ऊन दाखवतो. असं दिसलं की नाश्ता डब्यात भरून निघा.

वरचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. झुरिकचे उद्योजक आडोल्फ गायर-त्सेलर यांनी ही रेल्वे कल्पिली. १८९६ मध्ये काम सुरू झालं, १८९९ मध्ये ते वारले, आणि १ ऑगस्ट १९१२ ला गाडी वर पोहोचली. नऊ किलोमीटरपेक्षा थोड्या जास्त लांबीच्या मार्गात सात किलोमीटरच्या वर बोगदाच आहे, आयगर आणि म्योंखच्या पोटातून. वर उतरून समोरची 'आलेच' नावाची हिमनदी बघितली की बोगद्यातला कंटाळा विसरतो. ही आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी, २००१ पासून जागतिक वारशाच्या यादीत. ती दरवर्षी आक्रसते आहे. आपल्या मुलांना ती अशी दिसणार नाही, हा विचार तिथे उभं राहिल्यावर टाळता येत नाही, आणि टाळूही नये.

दोन वाटांनी जाता येतं. ग्रिंडेलवाल्डहून २०२० मध्ये सुरू झालेली दोरगाडी पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेते, तिथून बोगद्याची गाडी. दुसरी वाट वेंगेनहून क्लायने शायडेगमार्गे, सावकाश आणि देखणी. एकीने जा, दुसरीने या.

वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो. डोकं जड होणं, धाप लागणं स्वाभाविक आहे. हळू चाला, पाणी प्या, धावत फोटो काढू नका. कुणाला डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर त्याला एकट्याला बाकावर बसवून बाकीचे फिरायला जाऊ नका. एकाने त्याच्याबरोबर लगेच खाली यावं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

गटात प्रत्येकाचा वेग आणि आवड वेगळी असते. भांडणं होत नाहीत का?

झाली आहेत. खोल्या, पैसे, उशिरा उठणं यांवरून. ती मिटली. जी गोष्ट मला खरंच महत्त्वाची वाटते ती वेगळी आहे.

दुसऱ्या वर्षी मेनलिखेनच्या वाटेवर वारा सुटला होता. आमच्यातला एक गप्प झाला होता. त्याचा एक हातमोजा सकाळीच आतून ओला झाला होता, पण "सगळ्यांचा दिवस कशाला बिघडवायचा" म्हणून तो काही बोलला नाही. क्लायने शायडेगला पोहोचून त्याने हात बाहेर काढला तेव्हा तीन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती आणि त्याला ती जाणवत नव्हती. नशिबाने ते वरवरचं होतं. एकाने त्याचा हात स्वतःच्या जॅकेटच्या आत, काखेत धरून ठेवला. अर्ध्या तासाने बोटांत रक्त परतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, एवढं ते दुखतं. अशा वेळी बोटं चोळायची नसतात, बर्फाने तर नाहीच, आणि शेकोटी किंवा हीटरवरही धरायची नसतात, कारण बधिर कातडी भाजलेली कळत नाही. अंगाची ऊब द्यायची. तरीही संवेदना परतली नाही तर थेट डॉक्टर.

तेव्हापासून आमच्यात एक नियम आहे. दर अर्ध्या तासाने थांबायचं आणि प्रत्येकाने हातमोजे काढून हात दाखवायचे, एकमेकांचं नाक आणि कान बघायचे. "मी ठीक आहे" हे उत्तर चालत नाही, हात दाखवावेच लागतात. आणि ज्याला सर्वांत जास्त थंडी वाजते आहे, त्या दिवसाचा निर्णय त्याचा. तो म्हणाला परत, तर परत. यात कुणी नाराजी दाखवायची नाही.

बाकी वेळी गट फोडायला घाबरू नका. स्की करणारे एकीकडे, चालणारे दुसरीकडे, कुणाला घरी खिडकीत बसायचं असेल तर तेही. संध्याकाळी पाचला सगळे घरी, एवढं ठरलेलं असलं की पुरतं. परतीच्या शेवटच्या दोरगाड्या दुपारी चार-साडेचारलाच सुटतात, त्या चुकवू नका.

हिमस्खलनाची भीती कितपत बाळगावी?

आखलेल्या, उघड्या वाटांवर राहिलात तर त्या वाटा तुमच्यासाठी तपासलेल्या असतात. दोरी किंवा 'बंद'ची पाटी ओलांडलीत तर तुमच्यामागे कुणी नाही. हा एवढाच फरक आहे आणि तो जीवनमरणाचा आहे.

डाव्होसची हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला धोक्याचा अहवाल देते, आणि सकाळी आठला तो ताजा करते. पातळ्या एक ते पाच. लोकांना चार आणि पाचची भीती वाटते, पण निम्म्याच्या आसपास मृत्यू तिसऱ्या पातळीला होतात, कारण तेव्हा आभाळ छान असतं, बर्फ ताजा असतो आणि माणसं बाहेर असतात. तीस अंशांपेक्षा तीव्र उतार धोक्याचे. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच वाचण्याची चांगली आशा असते. हेलिकॉप्टर तेवढ्यात क्वचितच पोहोचतं.

फोनमध्ये हे क्रमांक आजच साठवा: हवाई सुटका १४१४, रुग्णवाहिका १४४, युरोपभर चालणारा ११२.

शाकाहारी माणसाची जेवणाची सोय होते का?

होते, पण विचारून खावं लागतं. रोश्टी म्हणजे बटाट्याचा कीस तव्यावर दाबून खरपूस केलेला. आपल्या उपवासाच्या किसाचा थोरला भाऊ म्हणा. पण तो कधी डुकराच्या चरबीत परतलेला असतो किंवा वर बेकन असतं. फोंड्यूत, म्हणजे वितळवलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन आणि बहुधा चेरीची दारू असते. आणि अनेकांना माहीत नसलेली गोष्ट: ग्रुयेर, एमेंटाल अशी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) लावलेली असतात. कडक शाकाहारी मित्र असेल तर हे त्याला आधी सांगा. खाऊन झाल्यावर सांगणं अन्यायाचं आहे.

आम्ही दिवसातलं एक जेवण घरीच करतो. भारतातून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा, चक्का सगळं बाद. ताजी फळं-भाज्याही नाहीत, त्यामुळे कढीपत्ता, मिरच्या, लिंबं घरीच ठेवा. गोडा मसाला, डाळी, पोहे, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणता येते. तांदूळ, लोणी, दही, भाज्या गावातल्या दुकानात मिळतात. नळाचं पाणी खुशाल प्या.

कुकर न्यायचा असेल तर घरातली शेगडी कोणती ते आधी विचारा. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. आणि फोडणी देण्याआधी पंखा लावा, खिडकी उघडा. धुराचा भोंगा वाजला की सगळी इमारत खाली उतरते.

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, नाताळच्या आदल्या दिवशी लवकर मिटतात. शनिवारी दुपारीच सामान भरा.

भाड्याच्या घरात कोणते नियम पाळायचे?

रात्री दहा ते सकाळी सात शांतता. हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. लाकडी घरात पावलांचाही आवाज खाली जातो. बूट दाराशी काढायचे, ओल्या बुटांची जागा वेगळी असते. कचऱ्याच्या पिशव्या कर भरलेल्या, ठरलेल्याच वापरायच्या; काच, कागद, डबे वेगळे. कपडे धुण्याच्या यंत्राची पाळी वहीत लिहायची. जिन्यात कुणी भेटलं तर 'ग्रुएसेख' म्हणा. झुरिकचं 'ग्रुएत्सी' चालतं, पण बर्नच्या बाजूचं अभिवादन ऐकलं की समोरच्याचा चेहरा खुलतो.

प्लग आणि फोनचं काय?

वीज २३० व्होल्ट, आपली उपकरणं चालतात. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मोबाइलच्या चार्जरच्या बारीक दोन पिना बसतात. सात जणांत दोन अडॅप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो. फोनचं 'युरोप' पॅक घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते बघा, कारण हा देश युरोपियन युनियनमध्ये नाही. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.

फोटोंत पाहिलेली ती तळी आणि धबधबे दिसतील ना?

सगळी नाहीत. फर्स्टच्या वरच्या बाखआल्पझे तळ्यात शिखरांचं प्रतिबिंब पडतं ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात तळं बर्फाखाली असतं आणि ते कुठे सुरू होतं तेही कळत नाही. डोंगराच्या आतला ट्र्युमेलबाख धबधबा हिवाळ्यात बंद. शिनिगे प्लाटेची जुनी रेल्वे बंद. स्टाउबबाख मात्र असतो, बारीक झालेला, कडेने बर्फाच्या झुंबरांनी मढलेला. कडाक्याच्या थंडीत पहाटे त्यातले तुकडे सुटून खाली पडतात तेव्हा खोऱ्यात आवाज घुमतो. पायथ्याशी जाऊ नका, लांबून ऐका.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळी असेल तर सकाळ कशी घालवावी?

घराची चावी बहुधा दहापर्यंत द्यायची असते. भांडी धुवा, कचरा टाकून या, फ्रीज बघा; तिथे हे पाहुण्यांनी करणं अपेक्षित असतं. मग बॅगा इंटरलाकेन ओस्टच्या लॉकरमध्ये ठेवा आणि नदीच्या काठाने चाला. आभाळ मोकळं असेल तर गावाच्या मधल्या मोठ्या मैदानातून युंगफ्राउ शेवटची दिसते. आम्ही तिथे बाकावर बसून उरलेली शेंगदाण्याची चटणी आणि ब्रेड संपवतो, पुढच्या वर्षीच्या तारखा तिथेच ठरवतो आणि दुपारची गाडी पकडतो. विमानतळावर तीन तास आधी पोहोचाल असा हिशोब धरा, मध्ये गाडी बदलावी लागू शकते.